एम.ए. भाषाविज्ञान (पुणे) झाल्यावर शिकवायच्या / संशोधनाच्या नोकऱ्या नक्की असतात कुठे?

परभणीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी पुण्यात एम.ए. भाषाविज्ञान करतेय, डेक्कन कॉलेजला (येरवड्यातलं, डेक्कन जिमखान्यावरचं नाही, घरचे अजून पत्ता चुकतात). शेवटचं सेमिस्टर सुरू होईल आता. बी.ए. मराठी घेऊन परभणीला झालं, तिथे आमच्या मॅडमनी बोलीवर एक छोटा प्रोजेक्ट करायला लावला होता, मी माझ्या आजीचं बोलणं लिहून काढलं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलाच नाही.

प्रश्न असा की घरी शेती आहे, बाबा म्हणतात शीक पण पुढं काय ते एकदा नीट सांग, आणि मला ते नीट सांगता येत नाही. मामा म्हणतो सरळ बी.एड. कर. आमच्या सिनियर्सपैकी बरेच जण आयटी कंपन्यांत डेटाच्या कामाला लागलेत, पगार बरा आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये, पण मला शिकवायचंय किंवा संशोधन करायचंय. नोकरीच्या साइटवर लिंग्विस्ट टाकून शोधलं की सगळं कंपन्यांचंच येतं. कॉलेजं, विद्यापीठं, शाळा, संस्था यांच्यात आपल्या विषयाला जागा असते का आणि ती कुठल्या नावाने निघते? जे या वाटेने गेलेत त्यांनी खरं खरं सांगा प्लीज, वाईट असलं तरी चालेल.

---

दक्षिणवारी

खरं सांग म्हणालीस म्हणून आधी जड भाग सांगतो.

महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचा स्वतंत्र विभाग म्हणजे तुमचं कॉलेज, मुंबई विद्यापीठ अशी मोजकीच नावं. बाकी ठिकाणी आपला विषय एम.ए. मराठी, हिंदी, इंग्रजी यांच्यात एक पेपर म्हणून शिकवतात आणि तो पेपर त्या त्या विभागातलेच प्राध्यापक शिकवतात. जाहिरात येते "सहायक प्राध्यापक, मराठी", पात्रता लिहिलेली असते संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, नेट देशाची, सेट राज्याची). आता भाषाविज्ञान हा मराठीशी संबंधित विषय आहे की नाही हे तुला मला कितीही स्पष्ट वाटलं तरी छाननी करणाऱ्याला तसं वाटेलच असं नाही. मी स्वतः यात अडकलोय. एका कॉलेजात (नाव घेत नाही) दोन वर्षं सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर एम.ए. मराठीच्या मुलांना भाषाविज्ञानाचा पेपर शिकवला, मुलं मन लावून शिकायची, पैसे मात्र वर्ष संपल्यावर एकदम यायचे आणि सुट्ट्यांचे काहीच नाहीत, आणि तिथेच जेव्हा पक्की जागा निघाली तेव्हा माझा अर्ज "संबंधित विषय नाही" म्हणून बाहेर. त्या दिवशी फार लागलं होतं मनाला.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगतो, महाराष्ट्राच्या बाहेर बघायची तयारी ठेव. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ, अलीगढ, लखनौ, कोलकाता, तेजपूर, शिलाँगचं नेहू, हैदराबादला तर हैदराबाद विद्यापीठ, उस्मानिया आणि इफ्लू अशी तीन तीन ठिकाणं, खाली अण्णामलाई, केरळ. आणि ज्याच्याकडे आपली मुलं बघतच नाहीत ते म्हणजे आयआयटी. तिथे ह्युमॅनिटीजचे विभाग असतात आणि त्यात भाषाविज्ञानाचे लोक घेतात, बऱ्याच आयआयटींची जाहिरात वर्षभर उघडी असते, पण तिथे पीएच.डी. आणि चांगले पेपर हवेत. मी आता दक्षिणेत एका विद्यापीठात आहे. इथली भाषा येत नव्हती, शिकलो, आणि खरं तर त्यामुळे माझं संशोधन सुधारलं.

दुसरी गोष्ट नेट. विषय भाषाविज्ञान, कोड ३१. शेवटच्या वर्षाला असताना परीक्षा देता येते, तेव्हा वाट बघू नकोस. पेपर एक ५० प्रश्न १०० मार्क, पेपर दोन १०० प्रश्न २०० मार्क, सलग तीन तास. जेआरएफ म्हणजे याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांना महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं. बाबांना सांगायला हा आकडा आहे तुझ्याकडे. आणि पुढे सहायक प्राध्यापक म्हणून पक्की लागलीस तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता वगैरे. सीएचबी आणि हे यांच्यातलं अंतर किती आहे ते यावरून कळेल.

नुसती नेट पुरते असं मात्र समजू नकोस. कागदावर २०२३ पासून विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकालाही नेट-सेट ही किमान पात्रता धरतात, पण मुलाखतीला समोर पाच पीएच.डी.वाले बसलेले असतात.

---

पाटीपेन्सिल

दक्षिणवारी म्हणाले ते विद्यापीठांपुरतं बरोबर आहे, पण शिक्षण म्हणजे फक्त विद्यापीठ नाही ना. मी गेली बरीच वर्षं पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वाचन-लेखनाचं साहित्य तयार करते आणि माझंही एम.ए. भाषाविज्ञानच आहे.

मेळघाटात पहिल्यांदा गेले तेव्हाचं सांगते. पहिलीचा वर्ग, शिक्षक मराठीत शिकवतायत, पोरं गप्प, आणि शिक्षक मला म्हणाले यांना भाषाच येत नाही. मधल्या सुट्टीत तीच पोरं बाहेर कोरकूत इतकी बोलत होती की थांबेनात. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातंच नाही, तिच्यात एकवचन अनेकवचनाच्या मधे द्विवचन आहे, म्हणजे ज्या मुलाला आपण भाषा येत नाही म्हणतो त्याच्या तोंडात मराठीत नसलेला एक अख्खा भेद रोज बसलेला असतो. हे त्या शिक्षकांना समजावून सांगणं, त्या मुलांसाठी पहिलं पुस्तक कोणत्या शब्दांनी सुरू करायचं ते ठरवणं, मराठीकडे न्यायला पूल कसा बांधायचा ते बघणं, हे सगळं भाषाविज्ञानाचं काम आहे. पण जाहिरातीत लिहिलेलं असतं "भाषा साधनव्यक्ती", "अभ्यासक्रम विकसक", "शैक्षणिक साहित्य निर्मिती", "प्रारंभिक साक्षरता समन्वयक". तू लिंग्विस्ट टाकून शोधतेस म्हणून सापडत नाही.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, त्या मुळात भाषाशास्त्रज्ञ, फलटणच्या बोलण्यावरच पेनसिल्व्हेनियातून पीएच.डी. केलेली. लोक गावात कसे बोलतात याचा अभ्यास करता करता त्या मुलांच्या वाचनापर्यंत पोचल्या. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला क्वेस्ट आहे, तिथेही भाषाशिक्षणाचं फार मन लावून काम चालतं. अशा संस्थांत निदान एक उन्हाळा तरी जाऊन बघ.

आणि पुण्यात राहतेस तर दोन पत्ते माहीत असू दे. सेनापती बापट रस्त्यावर बालभारती, १९६७ पासून राज्याची पाठ्यपुस्तकं तिथून निघतात. आणि सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर एससीईआरटी, शिक्षक प्रशिक्षणाचं बरंचसं तिथून ठरतं. पक्क्या जागा थोड्या, पण तज्ज्ञ म्हणून, लेखन गटात म्हणून बाहेरची माणसं लागतात, आणि एकदा काम चांगलं केलंस की पुढच्या वेळी आपणहून बोलावतात.

मामांच्या बी.एड.बद्दल. मी त्याला वाईट सल्ला म्हणणार नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. म्हणजे हिंजवडी, खराडी, वाकड इथल्या सीबीएसई शाळांत आता अशी शेकडो मुलं मराठी शिकतायत ज्यांच्या घरी हिंदी, तेलुगू, बंगाली आहे, आणि त्यांना मराठी मातृभाषा असल्यासारखी शिकवली जाते. मुलगा लिहितो "मीने केलं". शिक्षिका लाल रेघ मारते. तुला मात्र लगेच दिसेल की तो हिंदीच्या मैंनेवरून गेलाय, मराठीत "मी" आणि "तू" ला "ने" लागत नाही पण "तो" ला लागतो (त्याने), आणि हे त्याला दहा मिनिटांत समजावता येतं. अशा शिक्षकांची फार गरज आहे. तुझं बी.ए. मराठी असल्यामुळे बी.एड.ला मराठी ही मेथड घेताही येईल. फक्त ते दोन वर्षांचं आहे आणि सरकारी शाळेत जायचं तर वर टीईटी वगैरे आहेच, म्हणून ते आत्ताच करायचं की आधी नेटचे एक-दोन प्रयत्न, हे तू ठरव.

---

अनुस्वार

माझी वाट जरा बाजूची आहे पण तुला उपयोगी पडेल. मी परदेशी लोकांना मराठी शिकवतो.

पुण्यात हे काम जुनं आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा कार्यक्रम पुण्यातच चालतो, तिकडच्या विद्यापीठांतले पीएच.डी. करणारे विद्यार्थी येतात, कुणाला वारकरी संतांवर काम करायचं असतं, कुणाला दलित साहित्यावर, कुणाला मोडी कागदपत्रांवर. त्यांच्या भाषेत समर कोर्स, आपल्याकडे भर पावसाळा. शिवाय खाजगी शिकवण्या, ऑनलाइन बॅचेस, परदेशातल्या मराठी घरांतली मुलं.

इथे तुझं एम.ए. किती कामाला येतं ते सांगतो. एका मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं की चाक आणि चार मधला च वेगळा का ऐकू येतो आणि लिहिताना एकच का. दुसऱ्याने विचारलं "आपण जाऊ" आणि "आम्ही जाऊ" यात नक्की फरक काय. "मी आंबा खाल्ला" आणि "मी पोळी खाल्ली", बोलणारा तोच मग क्रियापद का बदललं? जन्मभर मराठी बोलणाऱ्या माणसाकडे याची उत्तरं नसतात, "तसंच असतं" म्हणतो. तुझ्याकडे आहेत. समोरच्याचा चेहरा उजळतो ना तेव्हा फार छान वाटतं.

पैशाचं म्हणशील तर वर्षभर सारखं काम नसतं, तीन महिने गर्दी आणि मग शांत. एकट्या या कामावर पुण्यात पहिली काही वर्षं भागत नाही. पण पीएच.डी. करता करता जोडीला उत्तम.

अजून एक, तुमच्याच कॅम्पसमधे पश्चिम प्रादेशिक भाषा केंद्र आहे, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानचं. दुसऱ्या राज्यांतल्या शिक्षकांना तिथे मराठी, गुजराती, सिंधी शिकवतात. तू रोज त्याच्यासमोरून जात असशील. एकदा आत जा, वर्ग बघू द्याल का विचार. दुसरी भाषा म्हणून मराठी कशी शिकवतात हे बघायला यासारखी जवळची जागा नाही.

---

शब्दार्थी

थोडक्यात. संस्कृत येत असेल तर कोशाचं काम विसरू नका. डेक्कन कॉलेजमधला संस्कृत महाकोशाचा प्रकल्प १९४८ पासून चालू आहे, खंडामागून खंड निघाले आणि काम अजून अ या अक्षरावरच आहे, यावरून त्या कामाची खोली समजा. कोशात बसलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ लिहायची जी शिस्त लागते ती पुढे कुठेही कामी येते, वाईचा विश्वकोश असो की परिभाषेचं काम. संस्कृत नसेल तर हा रस्ता अवघड आहे, उगाच आशा लावत नाही.

---

मौखिक

संशोधनाच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. मी प्रोजेक्टवर प्रोजेक्ट करत आलेला माणूस आहे.

भाषा-नोंदणीच्या कामात सगळ्यात मोठं नाव म्हैसूरची भारतीय भाषा संस्थान, १९६९ ची. तिथून २०१३ मधे धोक्यातल्या भाषांची योजना सुरू झाली, दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषांची नोंद करायची. त्यात आपल्या बुलढाण्याची निहाली पण आहे. जळगाव जामोदच्या बाजूला बोलली जाते आणि जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती बसत नाही. महाराष्ट्रातल्या किती लोकांना हे माहितीये? मला एम.ए.ला येईपर्यंत माहीत नव्हतं. तुमच्या कॉलेजात राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प झाला, गावोगाव जाऊन रेकॉर्डिंग केलेलं ऑनलाइन ऐकायला मिळतं, त्यातही आपल्यासारखीच पोरं कामाला होती. आयआयटी मुंबईत भारतीय भाषा तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, मराठीचं शब्दजाळं म्हणजे वर्डनेट (शब्दांची एकमेकांशी अर्थाची नाती दाखवणारा संगणकावरचा कोश) तिथे झालं, तिथेही भाषेची माणसं लागतात. ते तंत्रज्ञान असलं तरी वातावरण संशोधनाचं.

या जागा "प्रोजेक्ट असोसिएट", "रिसोर्स पर्सन", "फील्ड इन्व्हेस्टिगेटर" अशा नावांनी निघतात. कंत्राटी असतात, सहा महिने, अकरा महिने, मुदत वाढली तर वाढली. जाहिरात संस्थेच्या साइटवर एका कोपऱ्यात असते आणि कित्येकदा वॉक-इनला आठ-दहा दिवसच राहिलेले असतात. मी दर सोमवारी सकाळी पंधरा-वीस साइट उघडून बघतो, इतकी वर्षं झाली तरी. आणि लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाची मेंबर हो. १९२८ ला लाहोरला स्थापन झालेली संस्था, आता कार्यालय तुमच्याच आवारात. दर वर्षी अधिवेशन होतं, तिथे पेपर वाच, कुठल्या प्राध्यापकाला नवा प्रोजेक्ट मिळालाय हे तिथे चहाच्या वेळी कळतं, जाहिरात येते त्याच्या आधी.

अडचण एकच पण मोठी आहे, पस्तिशी जवळ आली की घरचे विचारतात पक्कं कधी होणार आणि उत्तर नसतं. म्हणून प्रोजेक्ट करत असताना पीएच.डी. ला नाव नोंदवलेलं पाहिजेच. मी तीन वर्षं उशीर केला, तू करू नकोस.

आणि हाताला कसब पाहिजे. प्राट या सॉफ्टवेअरमधे ध्वनी मोजता येणं, इलानमधे रेकॉर्डिंगला ओळीओळीने लिप्यंतर जोडता येणं, नीट ग्लॉसिंग म्हणजे प्रत्येक शब्दाखाली त्याच्या तुकड्यांचा अर्थ लिहिणं. हे येणारी मुलं मुलाखतीला आली की लगेच कळतं. सगळं फुकट उतरवता येतं.

---

परभणीची_लेक

इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. दोनदा वाचलं, मग फोनवर बाबांना पण वाचून दाखवलं, ३७,००० ला ते थांबले आणि म्हणाले परत वाच.

दक्षिणवारी सर, दोन प्रश्न. जेआरएफला वयाची अट आहे ना, मी मधे दोन वर्षं घरी होते त्यामुळे आत्ता २६ ची आहे, म्हणजे घाई आहे का? आणि "संबंधित विषय" च्या भानगडीतून सुटायला बाहेरून एम.ए. मराठी पण करून ठेवू का?

मौखिक दादा, पीएच.डी. साठी विषय म्हणून मला आजीचीच बोली घ्यावीशी वाटते. आमच्याकडे "काय करतेस" ला "काय करायलीस" म्हणतात, पुण्यात पहिल्या वर्षी मी तसं बोलले की मुली हसायच्या म्हणून बोलायचं सोडलं होतं मी. पण एवढ्यावर पीएच.डी. होते का? आणि त्याने नोकरीला काही उपयोग?

---

दक्षिणवारी

वयाची अट ३० ची, पण बायकांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे तुला ३५ पर्यंत. घाबरू नकोस. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरची, तेव्हा भरपूर प्रयत्न हातात आहेत. तरी पहिला याच वर्षी दे.

एम.ए. मराठी, हो, कर. मला आठ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. महाराष्ट्रातच राहायचं असेल तर मराठीची पदवी आणि मराठीची नेट किंवा सेट हातात असली की तोच अर्ज आत जातो. आणि ज्या मराठी विभागात भाषाविज्ञान खरंच येणारं माणूस आहे तिथल्या मुलांचं भलं होतं, हे मी सीएचबीच्या दोन वर्षांत डोळ्यांनी बघितलंय. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तर मराठीच्या अभ्यासाच्या जागांवर लक्ष ठेव. किती निघतील ते मी बोलणार नाही, पण निघतील तेव्हा तुझ्याकडे दोन्ही कागद असू देत.

---

मौखिक

करायलीस वर पीएच.डी. होते का म्हणजे काय, नक्की होते! चालू काळ दाखवायची ती वेगळी रचना आहे, नुसता उच्चार नाही. परभणीत एक रूप, लातूरकडे दुसरं, नांदेडला अजून थोडं वेगळं ऐकू येतं. कुठल्या क्रियापदांना लागतं, "असायलंय" चालतं का, नकार कसा होतो, शिकलेली मुलं पुण्याहून परत आली की घरात कुठलं रूप वापरतात. यात वाक्यविन्यास आहे, समाजभाषाविज्ञान आहे, आणि तुझी स्वतःची बोली असल्यामुळे जे बाहेरच्याला दहा फेऱ्यांत कळणार नाही ते तुला ओसरीवर बसून कळेल. नोकरीला उपयोग असा की मुलाखतीत "तुमचं काम काय" विचारल्यावर स्वतःचा डेटा असलेला माणूस वेगळा दिसतो.

हसणाऱ्या मुलींचं वाचून वाईट वाटलं. बोलत जा, बिनधास्त.

---

पाटीपेन्सिल

+१. आणि तेच तू शाळांसाठीही वापरू शकतेस. परभणीचं पोर पहिलीत "मी जेवायलो" लिहितं आणि त्याला चूक देतात. त्या शिक्षकांशी बोलायला तुझ्यासारखंच कुणीतरी हवंय. मे महिन्यात आमच्याकडे पंधरा दिवसांचं साहित्य-लेखनाचं काम आहे, मानधन थोडं आहे पण राहायची सोय होईल. व्यक्तिगत निरोप टाकते.

---

परभणीची_लेक

ताई निरोप मिळाला, मी येते नक्की. नेटचा फॉर्म निघाला की भरते, आणि उद्या लेक्चर झालं की त्या भाषा केंद्रात जाऊन विचारते. संक्रांतीला गावी जाणारे, तेव्हा आजीचं रेकॉर्डिंग सुरू करते. मोबाइलवर चालेल का?

---

मौखिक

सुरुवातीला चालेल, पण एमपीथ्री नको, वेव्हमधे रेकॉर्ड होईल असं अ‍ॅप घे, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट. साधा कॉलर माइक लाव, पंखा बंद कर, कुकर लागलेला असेल तर थांब. आधी आजीला काय करतेय ते समजावून सांग आणि तिचं हो म्हणणं पण रेकॉर्ड करून घे, पुढे संग्रहात द्यायचं झालं तर ते लागतंच. आणि प्रश्न विचारत बसू नकोस, तिला तिच्या लग्नाचं किंवा दुष्काळाचं विचार आणि बोलू दे. त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करून ठेव.